दाखल्यांची उतरंड

परदेशी जावयाचे तर पारपत्र हवे आणि पारपत्र हवे तर कागदपत्रे हवीत, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी स्वतंत्रपणे काही लिहिण्याजोगे असेल असे सहसा कोणास वाटत नाही. परकीय चलन, परदेशी शिक्षण, आखाती देशांतील नोकऱ्या, बुद्धिमंतांचे स्थलांतर या विषयांवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु या सर्व मोठ्या विषयांच्या दाराशी जो एक लहानसा अर्ज आणि त्याला जोडावयाचे पुरावे असतात, त्यांच्याकडे आपले लक्ष जाते ते आपल्यावर वेळ येते तेव्हाच. मग जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नाही, शाळेच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग निराळे आहे, विजेचे बिल घरमालकाच्या नावावर आहे, अशा एकेक अडचणी बाहेर पडू लागतात. या अडचणी अर्जदाराच्या हलगर्जीपणातून उद्भवतात असे मानण्याची आपली रीत आहे. प्रस्तुत लेखात थोडे वेगळे म्हणावयाचे आहे. यांतील बहुतेक अडचणी अर्जदाराने निर्माण केलेल्या नसतात. नोंदी ठेवणाऱ्यांच्या हातून त्या केव्हातरी घडलेल्या असतात, आणि त्या निस्तरण्याचा खर्च मात्र अर्जदाराने सोसावयाचा असतो. हा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही, म्हणून तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्याही विचाराचा विषय ठरतो.

मर्जीकडून हक्काकडे

१९६७ पूर्वी आपल्याकडे पारपत्र देणे वा न देणे ही सर्वस्वी शासनाच्या मर्जीची बाब होती. ब्रिटिश अमदानीत १९२० साली झालेला कायदा भारतात प्रवेश करणाऱ्यांविषयी होता. भारतातून बाहेर जाणाऱ्यास पारपत्र केव्हा द्यावे आणि केव्हा नाकारावे, हे सांगणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याकडून पारपत्रे परत मागण्यात आली, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. १० एप्रिल १९६७ रोजी न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला. परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीवाचून तो हिरावून घेता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर त्याच वर्षी संसदेने पारपत्र कायदा संमत केला. पारपत्र कोणत्या कारणांसाठी नाकारता येईल, हे त्या कायद्याने मोजून सांगितले. नकाराची कारणे लेखी नोंदवावीत, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास मागणी केल्यावर ती अर्जदारास द्यावीत, आणि त्याला अपिलाचा मार्ग असावा, अशीही तरतूद केली. पुढे जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांचे पारपत्र ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त करण्यात आले. त्या प्रकरणी २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. केवळ कायद्यात पद्धत सांगितलेली असून भागत नाही, ती पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

कायद्याच्या दृष्टीने पाहता मर्जीचा काळ असा संपला. तथापि, कायद्याने मान्य केलेला हक्क प्रत्यक्षात बजावावयाचा असतो तो खिडकीसमोर उभे राहून. आज कोणताही अधिकारी ‘माझी इच्छा नाही, म्हणून पारपत्र देत नाही’ असे म्हणू शकत नाही. ‘तुमचे कागद जुळत नाहीत’ असे मात्र तो म्हणू शकतो, आणि नियमाप्रमाणे पुष्कळदा त्याला तसे म्हणणे भागच असते. अशा वेळी अर्ज नाकारला जात नाही, प्रलंबित राहतो. नकाराविरुद्ध अपील करता येते, पण प्रलंबित राहण्याविरुद्ध सामान्य माणूस काय करणार? तो नवा दाखला आणावयास गावी जातो.

सत्य की सुसंगती?

पूर्वीच्या घरांत मडक्यांची उतरंड असे. वरचे मडके मधल्यावर, मधले खालच्यावर आणि सर्वांचा भार अगदी तळच्या मडक्यावर. आपल्या दाखल्यांची रचना नेमकी तशी आहे. जन्मतारखेसाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा किंवा दहावीचा दाखला, पॅन कार्ड, वाहन चालविण्याचा परवाना, मतदाराचे ओळखपत्र, आयुर्विम्याची पॉलिसी, सरकारी नोकर असल्यास सेवापुस्तिकेचा उतारा, असे अनेक पुरावे मान्य होतात. ही यादी वाचून आपणांपुढे अनेक स्वतंत्र मार्ग खुले आहेत असा समज होतो. परंतु यांतील एकेक कागद कसा मिळाला हे आठवून पाहावे. पॅन कार्ड काढताना शाळेचा दाखला दिला, परवाना काढताना तोच दिला, विमा उतरविताना एजंटाने त्याचीच प्रत मागितली आणि सेवापुस्तिकेतील पहिली नोंदही त्यावरूनच झाली. म्हणजे वरवर अनेक साक्षीदार दिसले, तरी ते सर्व एकाच माणसाकडून ऐकलेली हकीकत सांगत असतात. तो माणूस म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रवेशाच्या दिवशी नोंद करणारा शिक्षक किंवा लेखनिक.

ती नोंद कशी होत असे, हे महाराष्ट्रातील शिक्षकांना सांगावयास नको. जून महिन्यात शाळा उघडे, आई किंवा आजा मुलाला घेऊन येई, आणि जन्म केव्हाचा असे विचारल्यावर ‘दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या आधी’ असे काहीसे उत्तर मिळे. गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज करीत, पहिलीसाठी सहा वर्षे पुरी झाली पाहिजेत याचा हिशेब मांडीत आणि रजिस्टरात १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. त्यामुळे आपल्या खेड्यापाड्यांतील एका पिढीचा मोठा भाग १ जून रोजी जन्मलेला आहे! यात गुरुजींचा दोष काढण्याचे कारण नाही. जन्माची अधिकृत नोंद हाती नसताना मुलाला शाळेत घ्यावयाचे, तर दुसरा मार्ग नव्हता. ती अंदाजी तारीख नसती, तर ते मूल शाळेबाहेरच राहिले असते.

गंमत पुढेच आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास जन्मलेली ही पिढी आज मुलाच्या वा मुलीच्या संसाराला मदत करण्यासाठी परदेशी जाण्याचा बेत करते आणि आयुष्यात प्रथमच पारपत्राचा अर्ज भरते. सर्व कागदांवर १ जून असेल, तर काहीच अडचण येत नाही. परंतु एखाद्याने कसोशीने ग्रामपंचायतीचे जुने दप्तर शोधून खरी जन्मनोंद मिळविली आणि तीत १४ सप्टेंबर निघाली, तर त्याची गाडी अडते. खरी नोंद अडचणीची ठरते आणि अंदाजी नोंद सोयीची. आपली यंत्रणा तपासते ते सत्य नव्हे, तर सुसंगती. म्हणजे सर्व कागद एकमेकांसारखे आहेत की नाहीत एवढेच. ज्याचे सर्व कागद एकाच चुकीची नक्कल आहेत त्याच्यावर ती शंका घेत नाही, आणि ज्याच्या कागदांत खरे-खोटे दोन्ही आहे तो मात्र संशयित ठरतो.

तळचे मडके

जन्माची नोंद वेळेवर आणि अचूक होणे हा याला खरा उपाय आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ सालचा आहे. म्हणजे नोंदणी सक्तीची होऊन अर्धशतक लोटले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४१ टक्क्यांच्याच जन्माची नोंद झालेली होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवर आणि २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांवर गेले. ही प्रगती लक्षणीय आहे, यात शंका नाही. पण तिच्याशेजारी पारपत्राचा नियम ठेवून पाहावा. २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच सादर केला पाहिजे, असा दंडक दीर्घकाळ होता. त्या तारखेनंतर सोळा वर्षांनीही ज्या देशात निम्म्याहून अधिक बालकांची नोंद होत नव्हती, त्या देशाने आपल्या तरुणांकडे तो कागद मागावा, याला काय म्हणावे? नोंद करून घेण्याचे काम शासनाला साधले नाही, आणि त्याचा जाब नागरिकाला द्यावा लागला.

डिसेंबर २०१६ मध्ये हा दंडक सैल करण्यात आला, ही समाधानाची गोष्ट होय. त्याच वेळी आईवडिलांपैकी एकाचेच नाव पुरेसे मानले गेले, विवाहाच्या दाखल्याची सरसकट अट गेली, अर्जासोबतची परिशिष्टे पंधरावरून नऊवर आली आणि ती नोटरीकडे न जाता साध्या कागदावर स्वयंघोषणेने देता येऊ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत पुन्हा बदल झाला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आता जन्मदाखला हाच एकमेव पुरावा आहे, आणि त्याआधी जन्मलेल्यांना इतर पर्याय खुले आहेत. तत्त्वतः हा नियम योग्यच म्हटला पाहिजे, कारण तो उतरंडीच्या तळाशी शाळेच्या अंदाजाऐवजी जन्माची नोंद ठेवतो. परंतु ती नोंद प्रत्येक बालकाची झाली, तरच तो न्याय्य ठरेल. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कोल्हापूर-सांगलीकडे गेलेल्या बाईचे मूल तेथल्या फडावर जन्माला येते. कायद्याप्रमाणे त्याची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी व्हावयाची असते. हंगाम संपला, टोळी परतली, नोंद राहून गेली, तर वर्षभरानंतर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून ती करता येत नाही. त्या मुलाचा अठरा-वीस वर्षांनंतरचा अर्ज आजच लिहिला जात आहे, असे समजावयास हरकत नाही.

नोंद असणे आणि नसणे यांमुळे माणसाच्या आयुष्यात केवढे अंतर पडते, हे पाहावयाचे तर शेजारच्या गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीज राजवटीत तेथे नागरी नोंदणीची पद्धत रुजली होती. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, ती जुनी जन्मनोंद दाखवून पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविता येते. अनेक गोवेकरांनी तो मार्ग पत्करून युरोप गाठला. तसे केल्यावर भारतीय नागरिकत्व जाते आणि भारतीय पारपत्र परत करावे लागते, ही त्याची दुसरी बाजू झाली. ते करावे की करू नये, हा वेगळा प्रश्न. परंतु आजोबांच्या काळातील रजिस्टराच्या एका ओळीने नातवापुढे एका खंडाचे दार उघडावे, आणि तशीच ओळ नसल्यामुळे मराठवाड्यातील नातवाला आपल्याच देशाच्या पारपत्रासाठी हेलपाटे घालावे लागावेत, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

नावांचा घोळ

जन्मतारखेइतकाच बिकट प्रश्न नावाचा. पारपत्रात नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे चालतात, आणि काही याद्यांत आडनाव आधी लिहिले जाते. गावच्या कागदांत गणपतचा गणपतराव होतो, राधेची राधाबाई होते. रोमन लिपीत गेल्यावर तर बोलावयास नको. लक्ष्मी हे नाव कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ वापरून. चौधरी हे आडनाव किती प्रकारे लिहिले जाते याची गणतीच नाही. देवनागरीत एकच असलेला माणूस रोमन लिपीत तीन माणसे होऊन बसतो. आणि हे स्पेलिंग त्याने ठरविलेले नसते. कधी शाळेच्या लेखनिकाने, कधी संगणकावर माहिती भरणाऱ्या मुलाने, ते घाईघाईत ठरविलेले असते.

स्त्रियांची अडचण याहून खोल आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव, लग्नानंतरच्या कागदांवर पतीचे नाव, आणि अनेक घरांत लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेले नवे नाव निराळेच. सासरी जी सुनंदा म्हणून ओळखली जाते, ती शाळेच्या दप्तरात सुलभाच राहते. आपणच दोघी आहोत हे सिद्ध करण्यासाठी तिला प्रकरणपरत्वे विवाहनोंदणी, प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रांतील जाहिराती किंवा राजपत्रातील प्रसिद्धी यांची वाट धरावी लागते. ज्या रूढीने तिचे नाव बदलले, त्या रूढीला कोणी पुरावा मागत नाही. तो मागितला जातो तिच्याकडे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. परंतु चार पदांचे हे नाव राज्याच्या आणि केंद्राच्या निरनिराळ्या कागदांवर एकसारखे उतरेल, याची काळजी आरंभापासूनच घेतली गेली नाही, तर पुढच्या पिढीसाठी आपण नवा घोळ घालून ठेवू.

पत्ता कोणाच्या नावावर?

पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे वा पाण्याचे बिल, दूरध्वनीचे बिल, गॅसजोडणीचा कागद, बँकेचे छायाचित्र असलेले पासबुक, आधार, भाडेकरार इत्यादी चालतात. यांतील पहिले बरेचसे कागद घर ज्याच्या नावावर, त्याच्याच नावावर असतात. एकत्र कुटुंबातील सून, शहरात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, पोटभाडेकरू कामगार यांच्या नावावर काय असणार? भाडेकराराविषयी महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा स्पष्ट आहे. करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तरीही नोंदणीकृत करार टाळणाऱ्या मालकांची संख्या थोडी नाही. नियम मोडतो मालक आणि पुराव्यावाचून राहतो भाडेकरू. याउलट एक चांगले उदाहरणही नमूद केले पाहिजे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी घरातील स्त्रीच्या नावे देण्यात आली. योजनेचा हेतू धुरापासून सुटका हा होता. परंतु कित्येक स्त्रियांच्या हाती स्वतःच्या नावाचा आणि पत्त्याचा एक कागद त्यामुळे आला.

पुराव्याचा खर्च

आता या सर्वांचा आर्थिक हिशेब मांडू. २०१२ साली सामान्य पारपत्राचे शुल्क १,५०० रुपये ठरविण्यात आले. हे शुल्क सर्वांना दिसते. न दिसणारा खर्च वेगळा असतो. गावी जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, प्रतिज्ञापत्राचा खर्च, मध्यस्थाची दलाली आणि हातची गेलेली नोकरी, ही त्याची अंगे होत. कायम नोकरीतील प्राध्यापकाजवळ सेवापुस्तिका, पगाराचे बँकखाते, स्वतःच्या नावाचे बिल, हे सारे आधीच तयार असते, म्हणून त्याचा न दिसणारा खर्च जवळजवळ शून्य असतो. रोजंदारीवरील गवंड्याला तोच खर्च काही आठवड्यांच्या मजुरीइतका पडू शकतो. ज्याचे उत्पन्न कमी त्याच्यावर बोजा अधिक, अशा कराला अर्थशास्त्रात प्रतिगामी कर म्हणतात. पुराव्याचा खर्च हा असाच एक प्रतिगामी कर आहे. फरक एवढाच की तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही आणि त्यातून सरकारी तिजोरीत एक पैही जमा होत नाही.

पारपत्र सेवा केंद्रांमुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे. २०१० ते २०१२ या काळात देशभर अशी ७७ केंद्रे उघडली. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही ही सोय झाली, आणि जून २०१८ पासून देशातील कोणत्याही पारपत्र कार्यालयाकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली. केंद्र जवळ आले खरे, पण दाखला जेथे होता तेथेच राहिला. ज्या गावी जन्म, ज्या शाळेत नाव, तेथे जावेच लागते.

या खर्चाचे परिणाम केवळ व्यक्तीपुरते राहत नाहीत. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले. त्यांत कोकणातून आखातात गेलेल्या कामगारांच्या घामाचाही वाटा आहे. याच कामगारांसाठी १९८३ च्या परदेशगमन कायद्यानुसार आणखी एक पायरी आहे. ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या कमी शिकलेल्यांना शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते, आणि ती न लागण्यासाठीचा सर्वांत प्रचलित पुरावा म्हणजे दहावी उत्तीर्ण झाल्याचा दाखला. फसवणुकीपासून संरक्षण हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु जानेवारी २०१८ मध्ये अशा कामगारांच्या पारपत्राचे वेष्टन नारिंगी करण्याची घोषणा झाली, तेव्हा नागरिकांत उच्च-नीच वर्ग पाडले जात असल्याची टीका झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ती मागे घ्यावी लागली. वेष्टनाचा रंग टळला. दाखला असलेला आणि नसलेला हा भेद मात्र कायम आहे.

दुसरी बाजू

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पुरावे सैल केले तर तोतयांचे फावेल. हा आक्षेप हलका लेखण्याजोगा नाही. पारपत्र हे एका अर्थी राष्ट्राने परराष्ट्रांच्या नावे काढलेल्या हुंडीसारखे आहे. धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे, अशी विनंती त्यात राष्ट्रपतींच्या नावाने केलेली असते. हुंडीची पत गेली की ती प्रामाणिक धारकालाही उपयोगी पडत नाही. पारपत्रे बेफिकिरीने वाटली गेली, तर परदेशी वकिलाती सर्वच भारतीयांकडे संशयाने पाहतील, आणि त्याचा फटका आपल्या विद्यार्थ्यांनाच आधी बसेल. तेव्हा तपासणी नको, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

प्रश्न तपासणी कशाची, हा आहे. जो तोतया असतो त्याचे कागद सहसा उत्तम जुळलेले असतात. जुळविणे हाच त्याचा धंदा असतो. कागदांत विसंगती आढळते ती बहुधा सरळ माणसाच्या. खोटी माहिती देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा पारपत्र कायद्यात आहेच. २०१६ च्या सुधारणांनी नागरिकाच्या स्वयंघोषणेवर विश्वास ठेवून, तो विश्वास मोडणाऱ्यास शिक्षा करण्याचे धोरण स्वीकारले. तेच धोरण अधिक धैर्याने पुढे नेणे इष्ट होय.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे दुरुस्तीचा भार चूक करणाऱ्यावर टाकणे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीत लेखनदोष असेल, तर तो त्या कार्यालयाने विनाशुल्क आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त करावा, आणि एका कार्यालयाने अधिकृतपणे केलेली दुरुस्ती इतर कार्यालयांनी मान्य करावी. दुसरी गोष्ट, देवनागरी नोंद एक असताना केवळ रोमन स्पेलिंगच्या भेदावरून माणूस वेगळा मानू नये. भारतीय भाषांतील मूळ नोंदीला निर्णायक महत्त्व द्यावे. तिसरी गोष्ट, खिडकीवर काढलेला प्रत्येक आक्षेप, कोणता कागद हवा आणि कोणत्या नियमाखाली हवा यांसह, लेखी मिळावा. नकाराची कारणे लेखी देण्याचे तत्त्व १९६७ पासून कायद्यात आहेच. ते प्रलंबित अर्जासही लागू व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

परंतु सर्व काही शासनाने करावे असे म्हणून हा लेख संपविणे योग्य होणार नाही. या पानाच्या वाचकांत शिक्षक आहेत, कार्यालयांत नोंदी लिहिणारे कर्मचारी आहेत, उद्या अर्ज करणारे विद्यार्थी आहेत. दहावीच्या परीक्षेपूर्वी मंडळाकडून शाळेकडे प्री-लिस्ट येते. ती विद्यार्थ्यांपुढे ठेवून प्रत्येकाकडून नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर तपासून घेण्यास एक तास पुरतो. तो तास वाचविला, तर पुढे त्या विद्यार्थ्याचे महिने खर्ची पडू शकतात. पहिलीत प्रवेश देताना जन्मदाखला पाहूनच नोंद करावी, आणि तो नसेल तर मुलाला परत न पाठविता पालकांना तो मिळवून देण्यास साहाय्य करावे. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव घालावयाचे राहिले असेल, तर पालकांनी ते पहिल्या वर्षातच घालून घ्यावे. विद्यार्थ्यांनी परदेशाचा बेत ठरण्याची वाट न पाहता आपले सर्व कागद एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत, आणि फरक आढळल्यास मध्यस्थाकडे न जाता मूळ कार्यालयातच तो दुरुस्त करून घ्यावा. दुरुस्ती करताना मात्र खऱ्या गोष्टीला खोट्याशी जुळवून घेऊ नये.

१ एप्रिल २०२४ पासून आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक चकती बसविलेली पारपत्रे प्रायोगिक तत्त्वावर देण्यास आरंभ झाला आहे. चकतीतील मजकूर सहजासहजी बदलता येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु त्या चकतीत जी जन्मतारीख आणि जे नाव कोरले जाईल, ते कुठल्यातरी ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या रजिस्टरातून, कोणाच्यातरी हस्ताक्षरातून आलेले असेल. ते हस्ताक्षर चुकले, तर चकती ती चूकच जन्मभर जपून ठेवील. नागरिकाला परदेशी जाण्याचा हक्क न्यायालयाने १९६७ साली दिला. तो त्याच्या हाती पडावा की दाखल्यांच्या उतरंडीत अडकून राहावा, हे मात्र ते रजिस्टर लिहिणाऱ्याच्या काळजीवर, आणि ते नीट लिहिले जावे म्हणून आपण किती आग्रह धरतो यावर, अवलंबून आहे.